कूलरमधली बेगमी

कूलरमध्ये पाणी घालतात, हे मला लग्नानंतर कळलं. कूलरमध्ये हळद घालत नाहीत, हे मला पाहुण्यांसमोर कळलं.

पहिली गोष्ट कळायला उशीर झाला, यात माझा काही दोष नाही. मी देवगडच्या बाजूची. आमच्याकडं वारा समुद्रावरून फुकट येतो. त्याला पत्र्याच्या पेटीत कोंडून, बटण दाबून खोलीत सोडायचा असतो, हे कुणाला सुचणार? शिक्षण म्हणाल तर सातवी. आठवीचा वर्ग खाडीपलीकडं होता आणि होडीत पाय ठेवला की मला उलटी व्हायची. (खाडीकाठी जन्मून जिला होडी लागते, तिचं पुढं काय होणार ते तेव्हाच ओळखायला हवं होतं!) वडलांनी थोडी वाट पाहिली आणि मग असं स्थळ शोधलं, जिथं खाडी नाही, होडी नाही आणि प्यायचं पाणीसुद्धा नळाच्या मर्जीनं येतं. औरंगाबाद.

आमचे हे वाळूजला एका कंपनीत फिटर. जुन्या शहरात, बिल्किस खालांच्या घरामागं दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. त्या खोल्यांच्या खिडकीबाहेर, लोखंडी घोड्यावर, तो कूलर उभा होता. ओव्हरटाइम करून घेतलेला. पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी तो माझ्यासमोर सुरू केला, आणि त्या भट्टीसारख्या दुपारी खोलीत ओल्या गवताचा, गार, आमच्या परसातल्यासारखा वारा आला. मी नकळत हात जोडले.

"अगं, नमस्कार कुणाला करायलीस?"

"त्याला."

"मी आणलाय तो!"

मग मी ह्यांनाही केला. अजूनही मला वाटतं, माणसानं काय काय करून ठेवलंय या जगात!

आता मूळ गोष्ट. आमच्या कोकणात पावसाच्या आधी आगोटीची बेगमी करतात. म्हणजे मिरग लागायच्या आत चार महिन्यांचं सगळं घरात भरायचं. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, मीठ, सरपण, सुकी मासळी. एकदा पाऊस लागला की दुकान नाही, बाजार नाही. जिला श्रावणात शेजारी उसनं मागावं लागतं, तिला सुगरण कोण म्हणणार? तर लग्नानंतर पहिलाच मे महिना उजाडला आणि मी ह्यांना विचारलं, "बेगमी कधी करायची?"

"कशाची?"

"पावसाची. चार महिने बाहेर पडता येणार नाही ना!"

हे हसले. हसत हसत बाहेर गेले, खालांच्या दारात जाऊन हसले, दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन सगळ्या पाळीला सांगून हसले. "अगं, इथं पाऊस आला तर आम्ही कामं टाकून तो बघायला बाहेर पडतो!"

सासूबाईंना इकडं आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई बिडकीनला राहायच्या आणि दर महिन्याला ज्वारीची पिशवी घेऊन यष्टीनं यायच्या, दोन दिवस राहायच्या. बुटक्या, सावळ्या, बोलणं कमी, आणि नजर अशी, की समोरच्यानं आपोआप पदर सारखा करावा. त्याही म्हणाल्या, "घरात लई साठवू नाय. उंदरं साठत्यात."

मी बेगमीचं नाव टाकलं.

आणि मग शहरात संचारबंदी लागली. गल्लीतून फक्त बुटांचे आवाज. दुकानं बंद, दूध बंद, हे कंपनीत अडकलेले. घरात मूठभर पीठ आणि मीठ. मी खिडकीशी रडत बसले होते, तर मधल्या भिंतीवरून एक हात आला. हातात डाळीची वाटी.

"रोती कायकू गं? मैं हूँ ना! अन् हे बघ, चहाला दूध नाय, पण साखर घे."

खालांनी मला भिंतीवरून जगवलं. त्यांच्या घरात खाणारी तोंडं किती, हे मला माहीत होतं, म्हणून प्रत्येक घास मी मोजून खात होते. त्या दिवशी मी ठरवलं. पुन्हा कधी या घरात डबा रिकामा राहणार नाही. आणि कुणाला कळणारही नाही, कारण कळलं की सगळी पाळी पुन्हा हसणार!

साठवणं सोपं असतं हो. लपवणं अवघड! दोन खोल्यांत तुम्ही लपवणार कुठं? पण मनात आणलं तर माणूस काय करत नाही! तूरडाळ तक्क्यात गेली. (वरून कापूस, आतून डाळ. टेकलं की सळसळ आवाज यायचा. "कापूस नवा आहे," असं मी ह्यांना सांगितलं.) रवा दोन जुन्या उशांत. साखर लुगड्यांच्या ट्रंकेत, तळाशी. दिवाणाच्या पोटात पाण्याचे कॅन, त्यांच्यावर गोधड्या. मेणबत्त्या आणि काडेपेट्या कैलासवासी मामंजींच्या फोटोमागं. फोटो भिंतीपासून जरा पुढं झुकला होता, पण त्यामुळं मामंजी आमच्याकडं वाकून बघतायत असं वाटायचं आणि घरात धाक राहायचा.

आणि एक गोष्ट अभिमानानं सांगते. माझ्या साठ्याला कधी कीड लागली नाही. एवढ्या उकाड्यात, रव्यात अळी नाही, डाळीत किडा नाही! मी महिन्या-दोन महिन्यांनी उशी उसवून बघायची आणि रवा कसा, तर कालच चाळल्यासारखा. गल्लीतल्या बायका कीड लागल्याचं रडगाणं गायच्या तेव्हा मी म्हणायची, "हाताला गुण असावा लागतो." कडुलिंबाचा पाला कसा घालावा, यावर मी दोघीतिघींना व्याख्यानसुद्धा दिलं होतं! सातवी शिकलेल्या बाईला व्याख्यान द्यायची संधी रोज मिळत नाही.

पुढं माझ्या भावाजवळ आईनं जवळा पाठवला. जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. माझ्यासाठी तो साक्षात माहेर! ह्यांच्यासाठी मात्र तो वास होता.

"एक तर हे राहील घरात, नाय तर मी."

मी मान डोलावली आणि जवळा घराबाहेर नेला. म्हणजे किती बाहेर? खिडकीबाहेर! पावसाळा लागला होता, कूलर बंद, त्यावर जुनी चादर. मी स्टूल लावलं, बाजूची गवताची जाळी उचकटली आणि आत बघतच राहिले. केवढी जागा! एवढी मोठी, कोरडी, रिकामी खोली आमच्या खिडकीला टांगलेली होती आणि आम्ही तिचं भाडंसुद्धा देत नव्हतो! जवळ्याचा डबा तळाला गेला. मग म्हटलं, आता आलोच आहोत तर, मुरमुऱ्यांची मोठी पिशवी मोटारीच्या दांडीला टांगली. आणि तिच्याशेजारी वर्षाची हळद. दळून आणलेली, फडक्यात बांधलेली, चांगली पोटभर थैली.

तिखटही ठेवणार होते. पण स्टूल डगमगलं म्हणून मी उतरले. त्या स्टुलाच्या लंगड्या पायाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही!

फाल्गुनात शोभावन्संना बघायला पाहुणे यायचं ठरलं. शोभा म्हणजे माझी धाकटी नणंद. बिडकीनच्या घरी पत्र्याखाली बसवण्यापेक्षा शहरात बरं दिसेल, म्हणून कार्यक्रम आमच्याकडं. आधीची दोन स्थळं फिसकटली होती. एकांना मुलगी सावळी वाटली, दुसऱ्यांना बोलकी वाटली. शोभावन्सं दोन्ही होत्या, आणि मला त्या जशा होत्या तशा प्रिय होत्या. मी नवीन आले तेव्हा माझ्या भाकरीचे नकाशे व्हायचे. या मुलीनं माझे हात हातात धरून मला भाकरी थापायला शिकवलं आणि आईला सांगितलं की सगळ्या भाकऱ्या वहिनीनंच केल्या.

आदल्या दिवशी त्या मला परातीपाशी गाठून म्हणाल्या, "वयनी, एक सांगू? हे स्थळ जाऊ देऊ नका."

"का हो?"

"मी बघितलंय त्यांना. पैठणला, आतेबहिणीच्या लग्नात. सगळी पोरं नाचायली होती अन् हे म्हाताऱ्या माणसांना पाणी वाटायले होते. एका आजीनं तीनदा मागितलं. तीनदा दिलं, न चिडता." आणि बोलक्या शोभावन्सं एकदम गप्प झाल्या.

मी म्हटलं, "काळजी करू नका. माझ्याकडून काही कमी पडणार नाही."

कमी पडलं नाहीच. जास्तच पडलं!

पाहुणे आले. मुलगा प्रकाश, पैठणला शाळेत मास्तर, त्याची आई, आणि मामा. आई अगदी शांत, कपाळभर कुंकू, आल्यापासून एक शब्द नाही. बोलायचं सगळं काम मामांकडं. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, इतके पांढरे की खोलीत उजेड पडला. मुलाला मानाची जागा दिली, खिडकीसमोर. मामा दिवाणावर बसले, तक्क्याला टेकले आणि थांबले. पुन्हा टेकले. सळसळ.

"तक्क्यात काय भरलंय?"

"कापूस नवा आहे," मी म्हटलं.

"आमच्याकडं कापसाचं शेत हाय," मामा म्हणाले. "असा बोलणारा कापूस नाय बघितला."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला.

शोभावन्सं पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. मामांनी विचारलं नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, आणि मध्येच टोपी काढून वारा घ्यायला लागले. त्या साली ऊन शिमग्याच्या आधीच तापलं होतं.

"लई उकाडा हाय बुवा. तो कूलर शोभेला ठेवलाय का?"

मी किटली खाली ठेवली.

"छे छे, चालू आहे की!" हे उठले. ह्यांच्या आयुष्यात हा क्षण यावा म्हणूनच ह्यांनी तो ओव्हरटाइम केला होता.

"अहो, त्यात पाणी नाही!" मी म्हटलं.

"नुसता वारा तर येईल."

"गवत जुनं आहे! कचरा उडेल!"

"गेल्या उन्हाळ्यात नवं टाकलंय."

"व्होल्टेज नाही आज! पंखा बघा ना, कसा मरगळलाय!" सगळ्यांनी वर बघितलं. पंखा भन्नाट फिरत होता. असा तो वर्षभरात फिरला नव्हता, मेला!

"अहो, त्यात चिमणीनं घरटं केलंय!"

यावर मुलाची आई पहिल्यांदा बोलली. "मग नका लावू बाबा. पिल्लं असतील."

मी तिथंच मनातल्या मनात तिच्या पाया पडले. पण हे हसले. तेच, कंपनीतलं हसू. "कुठली चिमणी? सकाळीच तर पुढची जाळी पुसली मी!" आणि बटण दाबलं.

घर्र झालं. मग काहीच नाही. मी डोळे मिटले होते, ते उघडले. कदाचित देव...

तेवढ्यात वास आला. सहा-आठ महिने डब्यात मुरलेलं माझं माहेर, झाकणाच्या फटीतून, पंख्याच्या जोरानं!

मामांनी नाक वर केलं. "कायतरी मेलंय."

"घूस असेल," हे घाईघाईनं म्हणाले. "मेलेली." म्हणजे पाहुण्यांसमोर घरात मेलेली घूस कबूल झाली, तीही आनंदानं!

मग टप्. मामांच्या चहात एक मुरमुरा पडला. मामांनी त्याच्याकडं बघितलं. टप्. दुसरा. मामांनी छताकडं बघितलं. मी म्हणणार होते, "चहाबरोबर घ्या," पण तेवढ्यात मागून फर्र असा आवाज झाला, पात्यानं पिशवी ओढली, आणि आमच्या खोलीत मुरमुऱ्यांचा पाऊस पडला. आडवा! डोक्यात मुरमुरे, कानात मुरमुरे, पोह्यांवर मुरमुरे. "बंद करा, बंद करा!" मी ओरडले. हे बटणाकडं धावले, मुरमुऱ्यांवरून पाय घसरला, आणि बटणाऐवजी हाताला वेग वाढवायची कळ लागली.

आणि हळद आली.

मला आजही ते लिहिताना अंगावर काटा येतो. खिडकीतून उन्हाची तिरीप पडली होती, आणि त्या तिरिपेतून ती निघाली. आवाज नाही, गडबड नाही. सोन्याचा ढग! आधी फुलला, मग पसरला, मग सगळ्यांवर सावकाश उतरला. मी माझ्या आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि इतकं भयंकरही.

ह्यांना एकदाचं बटण सापडलं. कूलर थांबला.

सगळे पिवळे. मामांचं पांढरं धोतर, पांढरी टोपी, भुवया. ते खोकले तर तोंडातून पिवळा धूर निघाला. शोभावन्सं हातात बशी घेऊन पुतळ्यासारख्या, पापण्यांवर हळद. आणि मानाच्या जागेवर बसलेला मुलगा तर डोक्यापासून पायापर्यंत असा माखला होता, की त्याचे फक्त दोन डोळे तेवढे ओळखू येत होते.

ते डोळे शोभावन्संकडं बघत होते. त्या डोळ्यांच्या खालून आवाज आला, "शेंगदाणे पण येणार आहेत का?"

शोभावन्सं फिसकन हसल्या. दोन्ही हातांनी बशी धरलेली, तोंड झाकता येईना, त्यामुळं पूर्ण हसल्या.

मामा मात्र उठले. धोतर झटकलं, आणखी पिवळं झालं. "ही काय पद्धत झाली का पाहुण्यांची? चला! प्रकाश, ऊठ! ताई, ऊठ!"

संपलं. त्या मुलीनं एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडं.

मुलाची आई उठली. पण दाराकडं गेली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली, आपल्या दोन्ही तळव्यांवरची हळद बघितली, कपाळाला लावली आणि मोठ्यानं म्हणाली,

"येळकोट येळकोट!"

आता या भागात कुणी असं म्हटलं की माणूस विचार करत बसत नाही. "जय मल्हार!" आम्ही सगळे ओरडलो. हे जमिनीवरून ओरडले. मामा तर सवयीनं सगळ्यांत मोठ्यानं ओरडले आणि मग स्वतःच दचकले.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दादा, सकाळी आपण साताऱ्याच्या खंडोबाला थांबलो..." (हा आमच्या शहरालगतचा सातारा.) "भंडारा उधळायचा राहिला. तूच घाई केलीस, मुहूर्त जातो म्हणून. मी हात जोडून म्हटलं, देवा, माझी सेवा राहिली. ही सून तुला पसंत असंल तर तुझा तू भंडारा दे."

मामांनी सावकाश टोपी काढली, तिच्यातली हळद बघितली, आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. झटकली नाही.

मला राहवेना. देवाच्या नावावर माझी साठवण खपत होती! मी तोंड उघडलं, "अहो, ते खरं तर कूलरमध्ये मी..."

आत्याबाईंचा पाय माझ्या पायावर पडला. पूर्ण वजनानं.

"सून म्हणती, खरं तर कूलर तिलाच लावू वाटंना," आत्याबाई म्हणाल्या. "तिला आधीच कळलं व्हतं. बसा. हात-तोंड धुवा. आता जेवल्याबिगर जायचं नाय."

मी हबकले. हात-तोंड धुवा? नळाला पाणी यायचा तो दिवसच नव्हता! सकाळपासून घरात एक हंडा शिल्लक होता. आणि जेवण? आम्ही पोह्यांपुरतीच तयारी केली होती. एवढी सगळी माणसं, सगळी पिवळी!

मग जे झालं ते मी तोंडात बोट घालून बघितलं. आत्याबाई मला काही न विचारता उठल्या. मामांना म्हणाल्या, "जरा उठता का?" दिवाणाची फळी उचलली, गोधड्या बाजूला केल्या आणि पाण्याचे कॅन काढून ह्यांच्या हातात दिले. हे पिवळ्या तोंडानं कॅनकडं बघत राहिले. मग तक्क्या ओढला, एका कोपऱ्यातली शिवण बोटानं फर्रकन उसवली, आणि डाळ परातीत ओतली.

"बघा, बोलत व्हता तो!" मामा म्हणाले.

उशीतून रवा आला. ट्रंकेत हात घालून, लुगड्यांची एकही घडी न मोडता, साखर आली. चुलीला काडेपेटी मिळेना तर त्या सरळ मामंजींच्या फोटोपाशी गेल्या, मागं हात घातला आणि काडेपेटी काढली. "जिते व्हते तवा बिड्या लपवायचे," फोटोकडं बघून म्हणाल्या. "आता काड्या लपवायलेत."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी पातेल्याकडं बघायला लागले.

आवाज ऐकून बिल्किस खाला आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "या अल्ला! हल्दी तो हमारे यहाँ भी लगाते गं, पण इत्ती?" मग कशाचंही कारण न विचारता घरी गेल्या आणि धुतलेले टॉवेल अन् तुपाचा डबा घेऊन आल्या. त्या तुपात माझ्या रव्याचा शिरा झाला. मामांनी तो तीनदा मागून घेतला. मुलगा स्वतः उठून सगळ्यांना पाणी वाढत होता. शोभावन्संनी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हणत होत्या, बघा, सांगितलं होतं ना!

जाताना मामांनी सुपारी फोडली. लग्न वैशाखात ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी आत्याबाईंच्या पायाशी बसले. "तुम्हाला सगळ्या जागा कशा ठाऊक?"

"अगं, तुझा रवा कोण चाळतं?"

"म्हणजे?"

"तू बाजाराला गेलीस की उशी उसवायची, रवा चाळून, भाजून परत भरायचा. किती अळ्या निघायच्या, बया! डाळ तर दोनदा बदलली. ज्वारीच्या पिशवीत तळाला दुसरी घेऊन यायचे मी."

माझ्या हाताचा गुण! कडुलिंबाचं माझं ते व्याख्यान! मला भिंतीत शिरावंसं वाटलं, पण भिंतीत मेणबत्त्या होत्या.

"पण तुम्हीच तर म्हणायचात, साठवू नाय म्हणून."

"लपवायच्या गोष्टीला वरून 'नाय'च म्हणायचं असतं." त्या पाय पसरून बसल्या. "पोलीस ॲक्शनच्या आधीचं सांगते. मी एवढीशी व्हते. लेव्हीवाले यायचे, घरातलं धान्य मोजून न्यायचे. पण बाळंतिणीच्या खोलीत ते पाय टाकत नसत. म्हणून माझ्या आईनं सगळी ज्वारी बाळंतिणीच्या बाजंखाली ठेवली. आमच्या घरात कायम कुणी ना कुणी बाळंतीण! आई झाली, चुलती झाली, कुणीच उरलं नाय तवा आजीला निजवलं, तोंडावरून पदर घेऊन. लेव्हीवाला म्हणला, 'मूल का रडंना?' मग मला चिमटा काढला आजीनं."

मी हसू की रडू अशी बसून होते. त्यांनी माझ्या केसांतला एक मुरमुरा काढला.

"तुला लपवता येत नाय, बाई. सासरा पुढं झुकलाय, तक्क्या बोलतोय. आंधळ्याला दिसंल असं लपवतीस. पण परक्या मुलखातून आलीस अन् या घराचा डबा रिकामा राहू नाय म्हणून जीव टाकतीस. म्हणून मी कुणाला बोलले नाय."

हे दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी ती गोष्ट कंपनीत सांगितली नाही. पुढच्या मे महिन्यात मात्र एक मोठा पत्र्याचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "बेगमीला."

शोभावन्संचा संसार पैठणला सुखाचा आहे. प्रकाशराव दर उन्हाळ्यात येतात, पण खिडकीसमोर बसत नाहीत. आणि त्यांच्या आई अजून सगळ्यांना सांगतात, की देवानं भंडारा कसा दिला. मी हात जोडते. देव नव्हताच तिथं, असं म्हणायची माझी छाती नाही. ते स्टूल कुणी डगमगवलं, हे सांगणारी मी कोण?

एकच कोडं मला बरेच दिवस छळत होतं. आत्याबाईंनी घरातली प्रत्येक जागा ओळखली, सांभाळली, चाळली. मग कूलर कसा सुटला? शेवटी मी विचारलंच.

"गुडघे," त्या म्हणाल्या. "स्टुलावर चढता येत नाय मला. वास यायचा तिकडून, पण मला वाटलं नाल्याचा असंल."

म्हणजे बघा. त्या अख्ख्या घरात, कुणाच्याही मदतीशिवाय, निव्वळ माझ्या एकटीच्या अकलेनं मी एकच जागा सांभाळली होती. आणि ती सगळ्या पाहुण्यांच्या अंगावर गेली!